मी हे तपासले आहे

दिवसाला अठराशे वेळा एकच वाक्य लिहिण्याची नोकरी मी सहा वर्षं केली. वाक्य असं : ‘मी हे तपासले आहे.’ खाली सही, त्रिशला मगदूम. यातली सही तेवढी खरी असायची.

हल्ली प्रोग्राम माणसं लिहीत नाहीत. आमच्या कंपनीत ते काम करणाऱ्या यंत्रणेला आम्ही ‘लेखनिक’ म्हणायचो. लेखनिक भराभर लिहितो, आणि प्रत्येक प्रोग्राम चालण्याआधी कंपायलर तो वाचून काढतो. कंपायलरला काही खटकलं की तो इशारा देतो. कधीकधी लेखनिक त्यावर सांगतो, ‘गप्प बस, मला ठाऊक आहे.’ असा इशारा दाबला की कायद्यानं तिथं एका जिवंत माणसाची सही लागते. कुठल्याशा शहरात औषधाच्या पंपांनी घोळ घातला आणि दोष कुणाचा ते कुणालाच सांगता येईना, तेव्हा हा कायदा आला. दोष द्यायला माणूस हवा म्हणून माणसं ठेवली. त्यांतली मी एक. जावा ही भाषा पन्नाशीला आलेली आणि मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. दोघींना कुणी निवृत्त करत नव्हतं, कारण आमच्याशिवाय कुणाचं चालत नव्हतं.

कंपनी मिरजेबाहेर, नाव ‘पारदर्श ऊतीशाळा’. डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजला किंवा मेला, तर पेशंटच्याच डोळ्याच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा घ्यायचा आणि पोषक द्रवात वाढवायचा. सोळा दिवसांत त्याचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा तयार होतो, तो डोळ्यावर लावायचा. एका वेळी चौसष्ट पडदे वाढतात. ज्यात वाढतात त्याला कागदोपत्री लांबलचक नाव आहे. आम्ही ताट म्हणायचो आणि आतल्या चौसष्ट खळग्यांना वाट्या.

मंगळवारी सकाळी दहाला ‘ताट सात’ची फाइल माझ्यासमोर आली. तयार पडदे उचलून डब्यांत भरणाऱ्या यांत्रिक हाताचा तो प्रोग्राम होता. मी तो ओळन् ओळ वाचला, कारण एकेचाळीस नंबरच्या वाटीत माझ्या अक्काचा पडदा वाढत होता. एरवी महिन्यातून दोन-तीन फाइली वाचायचे, त्यांत ही नसती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी देव्हाऱ्यात बसवायला नको.

सगळ्यात वर एक दाबलेला इशारा होता. ‘अनचेक्ड’ प्रकारचा. अनचेक्ड म्हणजे न तपासलेलं. वर लिहिलेलं ‘न तपासलेले’ आणि त्याच्या खाली मी लिहायचं ‘मी हे तपासले आहे’. सहा वर्षं हे डोळ्यांपुढे होतं आणि मला एकदाही हसू आलं नव्हतं.

मी जागा कोरी ठेवली. तासाभरात आमचा उत्पादनप्रमुख ऋतुराज इनामदार चहाचे दोन कप घेऊन आला. पस्तिशीचा, गोड बोलणारा, वाईट म्हणावा असा मुळीच नाही.

“मॅडम, ताट सातला सही राहिलीय.”

“राहिली नाही. केली नाही.”

“परत नन्नाचा पाढा?” तो हसला. “गेल्या महिन्यात तुम्ही तीनदा अडवलंत. तिन्ही वेळा काही निघालं नाही.”

“या वेळी निघेल. ताटात आपली वाटी कुठली आणि देणगीची कुठली, हे या प्रोग्रामला कळत नाही.”

‘आपली’ म्हणजे पेशंटच्याच पेशींची. ‘देणगी’ म्हणजे मेलेल्या माणसानं दान दिलेल्या डोळ्यातली. देणगीचा पडदा लावला तर शरीर त्याच्यावर उठतं, म्हणून जन्मभर औषधं लागतात. ती न देता लावला तर पडदा सडतो आणि डोळ्यात जे उरलंसुरलं असेल तेही नेतो. आधी दोन्हींची ताटं वेगळी असायची. जानेवारीपासून जागा वाचवायला एकत्र केली होती.

ऋतुराजनं कप खाली ठेवला. “गुरुवारी सकाळी दहाला सोळा दिवस भरतात. तोवर पडदे हलले नाहीत तर मरतील. तुमच्या अक्कांचा पण आहे त्यात. मी हे धमकी म्हणून सांगत नाही, मॅडम.”

धमकी नव्हतीच ती. खरं होतं, आणि म्हणूनच मला राग आला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. अक्का ओसरीत मटार सोलत बसली होती. अक्का, म्हणजे सुलोचना, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. चौतीस वर्षं तिनं शाळेत मराठी शिकवलं आणि अख्ख्या तालुक्याच्या वेलांट्या सुधारल्या. दाजी होते तेव्हा त्यांना विडा लावून देताना चुन्याची नळी फुटली आणि दोन्ही डोळ्यांत गेली. डावा तिथंच संपला. उजव्यात उजेड-अंधार तेवढा कळतो. त्या उजव्याच्या कडेला एकच चांगला तुकडा शिल्लक होता, तो काढून एकेचाळीस नंबरच्या वाटीत घातला होता. दुसरा तुकडा काढायला जागाच नव्हती. बहुतेक पेशंटांचा पुन्हा काढता येतो, अक्काचा नाही.

“लवकर आलीस. जावांशी भांडलीस वाटतं?”

तिचा हा जुना विनोद. मी लग्न केलं नाही, त्यामुळे मला एकही जाऊ नाही. पण जन्मभर जावांशी भांडतीस, असं ती म्हणते.

मी सांगितलं. ती म्हणाली, “मला नीट समजेल असं सांग.”

“तुझ्या लग्नातल्या डब्यांवर नाव कोरलंय ना?”

“कोरलंय की. अजून बोटाला लागतं.”

“जावात अ‍ॅरे म्हणून एक असतं, एका रांगेतले कप्पे. ते कोरलेल्या डब्यासारखं. डबा घडवतानाच नाव कोरायचं. डाळीच्या डब्यात साखर घालायला गेलीस की डबाच ओरडतो, तिथल्या तिथं. दुसरं असतं ते जेनेरिक. ते म्हणजे चिठ्ठी चिकटवलेला डबा. कंपायलर नावाची सासू दारात बसून चिठ्ठ्या वाचते. डाळ डाळीत, साखर साखरेत असली की म्हणते, जावा आत. पण आत गेलं की चिठ्ठ्या काढून टाकतात. मग सगळे डबे सारखे.”

“काढतात कशाला?”

“भाषा जुनी. पहिली नऊ वर्षं चिठ्ठ्या नव्हत्याच. नंतर पद्धत आली, पण जुनी भांडी मोडीत काढायची नव्हती. म्हणून ही तडजोड.”

“बरं. मग?”

“मग चिठ्ठीवाल्या डब्यांची अ‍ॅरे जावा करूच देत नाही. कोरणारा विचारतो, नाव काय घालू? आणि चिठ्ठी तर निघून जाणार. आमच्या लेखनिकानं काय केलं, बिननावाचं ताट घेतलं आणि सासूला म्हणाला, हे नावाचंच आहे असं समजा. सासू कुरकुरली, तर तिचं तोंड दाबलं.”

“हे आजच केलं व्हय?”

“नाही, जुनी युक्ती आहे, मी पण केलीय. पण ते एका ओळीपुरतं करायचं आणि शेजारी लिहायचं की हे चुकणार का नाही. यानं तोंड दाबलंय ते अख्ख्या प्रोग्रामवर. आता आत कुणीही काहीही घालू दे, आवाज येत नाही. चूक ताटात कळणारच नाही. ती कळेल डोळ्यावर लावल्यानंतर.”

अक्काच्या बोटांनी एक शेंग नुसतीच धरून ठेवली. “माझी वाटी बरोबर असेल की.”

“असेल.”

“मग कर की सही.”

“अक्का, चौसष्ट माणसं आहेत.”

“उरलेल्या त्रेसष्टांचं मला काय सांगतीस? त्यांना कुणी माझं सांगितलंय?” तिचा आवाज चढला. “आई गेली तेव्हा तुझ्या वेण्या कुणी घातल्या? तेव्हा मी मोजत बसले न्हाई किती माणसं आहेत ते.”

मी टरफलं गोळा करायला लागले. ती पुन्हा सोलायला लागली, आणि शांतपणे म्हणाली, “न्हाई तर असं कर. कोरीच ठेव. दुसरा कुणीतरी करेल. तुझे हात स्वच्छ आणि माझा डोळा जागेवर.”

नियम तिनं बरोबर ओळखला होता. कोरी जागा चोवीस तासांनी आपोआप दुसऱ्या सहीवाल्याकडे जाते, आणि तो वाचत नाही. मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मी मनात ठरवूनच टाकलं होतं, की कोरी ठेवायची.

बुधवारी आठलाच कामावर गेले. एकच गोष्ट बघायची होती. वाट्या उचलणारा प्रोग्राम ताटाच्या मूळ प्रोग्रामवर उभा होता, आणि त्या मूळ प्रोग्राममधूनच पंधरवड्यापूर्वी ताट भरलं गेलं होतं. तिथं तरी तोंड मोकळं होतं का? असेल तर निदान भरताना तपासणी झाली असेल. मी जुनी नोंद उघडली. दाब तिथंही होता, तसाच, सगळ्यात वर, अख्ख्या प्रोग्रामवर. तारीख नऊ जानेवारी, वेळ अकरा बेचाळीस. खाली लिहिलं होतं, ‘मी हे तपासले आहे. त्रिशला मगदूम.’

त्या एका तासात मी दोनशे बारा सह्या केल्या होत्या. ही त्यांतली कितवी ते आठवेना. मंगळवारपासून मी जो ताठा मिरवत होते तो कुणापुढे? दार उघडं टाकणारी मीच होते. ताटात काही मिसळलं असेल तर ते मिसळून पंधरा दिवस झाले होते, माझ्या सहीनं. आता जागा कोरी ठेवून कसले हात स्वच्छ राहणार?

ऋतुराजला बोलावून नोंद दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि दार लावून घेतलं.

“मॅडम, आपण एक करू. एकेचाळीस नंबर मी स्वतः हातानं काढतो. आत्ता. अक्कांचीच आहे का तपासतो, चाळीस मिनिटांचं काम. बरोबर निघाली तर अकराच्या गाडीनं दवाखान्यात. मग तुम्ही उरलेल्या ताटाला सही करा. ही जानेवारीची नोंद तुम्ही बघितली नाही, मी पण बघितली नाही.”

“आणि एकेचाळीसमध्ये भलतंच निघालं तर?”

“तर अक्का तरी वाचल्या ना?”

किती साधं होतं. मी ‘हो’ म्हणणारच होते. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण मग तो म्हणाला, “नाही तरी सही म्हणजे नुसती पद्धत आहे, मॅडम. वाचतंय कोण?”

“मी वाचतेय,” मी म्हणाले.

सहीच्या चौकटीत ते वाक्य आधीच छापलेलं यायचं. आपण फक्त बोट टेकवायचं. पण कायद्यानं चौकट खुली होती, वाक्य बदलता येत होतं. सहा वर्षांत कुणाला बदलताना मी पाहिलं नव्हतं. मी ‘आहे’ खोडलं. दहाला दोन मिनिटं कमी असताना लिहिलं, ‘मी हे तपासले नव्हते. नऊ जानेवारीलाही नव्हते. ताटात काय आहे ते कुणालाच माहीत नाही.’ खाली नाव.

असं लिहिलेलं ताट कायद्यानं दुसऱ्या सहीवाल्याकडे जात नाही, थेट निरीक्षकांकडे जातं. यांत्रिक हात जागच्या जागी राहिला. चौसष्ट घरांत फोन गेले. वाट्या लगेच, दहाच्या ठोक्याला, एकापासून क्रमानं तपासायला घेतल्या आणि दुपारच्या आत निरीक्षकांनी येऊन ते काम हाती घेतलं. पेशी कुणाच्या हे ओळखणारं यंत्र एकच होतं आणि एका वाटीला चाळीस मिनिटं. हिशोब मी कधीच केलेला होता. गुरुवारी सकाळी दहापर्यंत छत्तीस वाट्या होणार होत्या.

छत्तीसच झाल्या. त्यांत चार चुकीच्या निघाल्या. उरलेल्या अठ्ठावीस वाट्यांतले पडदे दहानंतर पांढुरके होत गेले. निरीक्षकांनी तरीही त्या सगळ्या तपासल्या, आणखी दोन चुकीच्या सापडल्या. एकेचाळीस नंबर बरोबर होती. तिच्यातला पडदा अक्काचाच होता आणि तो मेला होता.

मी गप्प बसले असते तर अक्काला दिसलं असतं. हे मीच तिला सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळू दिलं नाही.

तिनं विचारलं, “किती चुकीच्या होत्या?”

“सहा.”

“कोण?”

“नावं सांगता येत नाहीत, अक्का.”

“मग नंबर सांग.”

“तीन, अकरा, एकोणीस, बत्तीस, त्रेपन्न, साठ.”

तिनं ते पुटपुटत म्हटले, उठली आणि भिंतीला हात लावत आत गेली. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी वाढलेलं जेवायची, पण ताट हातानं चाचपून बघायची आणि मीठ लागलं तर शेजारच्या कुसुमकाकूंना हाक मारायची. मला तिचा राग आला नाही. तिनं मला घरातून हाकललं असतं तरी आला नसता.

नवव्या दिवशी भर दुपारी ऋतुराज घरी आला. वाळला होता. चपला बाहेर काढून अक्काच्या पाया पडला.

“अक्का, तुमच्यासाठी देणगीचा पडदा राखून ठेवलाय. एरवी चार वर्षांची रांग आहे. या महिन्यात लावू. औषधं जन्मभर घ्यावी लागतील, पण डॉक्टर म्हणतात बरीच आशा आहे. फक्त या कागदावर सही हवी.”

त्यानं कागद माझ्याकडे दिला. मी मनात वाचला. ‘वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे ताट क्रमांक सातमध्ये सरमिसळ झाली, असे मला सांगण्यात आले आहे. प्रोग्रामबाबत माझी तक्रार नाही. हा मजकूर मला वाचून दाखवला असून तो मला मान्य आहे.’

“अठ्ठावीस जणांपैकी तेवीस जणांनी केलीय,” तो हळूच मला म्हणाला. “वीज गेली असं ठरलं की चौकशी थांबते. तुमच्या जानेवारीच्या सहीचं प्रकरणही मिटतं. नाही तर ते तुमच्यावरच येणार, मॅडम. आणि लेखनिक बंद पडेल, सगळ्या ताटांचं काम थांबेल.”

मी अक्काजवळ बसले. तिचा हात हातात घेतला. तिनं घेऊ दिला, आठ दिवसांनी पहिल्यांदा.

“अक्का, कर सही,” मी म्हणाले.

हो, मीच म्हणाले. माझ्यासाठी नाही, एवढं तरी माझ्यावर विश्वास ठेवा. तिचा डोळा मी घालवला होता आणि तो परत मिळत होता, एका ओळीच्या खोट्याला. माझी सगळी मिजास तिथं संपली.

“वाच आधी,” अक्का म्हणाली.

“अक्का, नुसता नमुना असतो तो,” ऋतुराज म्हणाला.

“सायबा, तुला न्हाई सांगितलं. त्रिशला, वाच. मोठ्यानं.”

मी वाचलं. तिनं वर्गात मुलाचं वाचन ऐकावं तसं मान खाली घालून ऐकलं.

“वीज गेली होती?”

मी कागद तिच्या मांडीवर ठेवला.

“तुला विचारतेय. वीज गेली होती?”

“नाही, अक्का.”

“सहा जण कसे आहेत?”

“बरे आहेत. त्यांचे पुन्हा तुकडे घेतलेत. वाढतायत.”

“कुठल्या ताटात?”

मी ऋतुराजकडे पाहिलं. त्यानं मान फिरवली. ताटं तीच होती, आणि वीज गेली असं ठरलं की लेखनिकही तोच राहणार होता.

“पेन दे,” अक्का म्हणाली.

ऋतुराजनं घाईनं पेन तिच्या हातात दिलं आणि तिचं बोट धरून सहीच्या जागी टेकवलं. “इथं, अक्का.”

“कळतंय मला.” तिनं त्याचा हात बाजूला केला. मग डाव्या हाताच्या बोटांनी कागदाची कड चाचपत ती वर वर गेली, मजकुराच्याही वर, जिथं पांढरी जागा होती तिथपर्यंत. आणि लिहायला लागली. फळ्यावर लिहायची तसं, मोठं, सावकाश, एकेका अक्षराला थांबून.

ऋतुराज म्हणाला, “अक्का, एकदा विचार करा. डोळा आहे हा.”

“माझाच हाय,” अक्का म्हणाली, आणि थांबली नाही.

लिहून झाल्यावर तिनं खाली सही केली आणि कागद त्याच्याकडे न देता माझ्याकडे दिला. “बघ गं. चुकलंय का कुठं?”

‘वीज गेली नव्हती. सुलोचना मगदूम-चौगुले.’

ओळ चढत जाऊन कागदाबाहेर निघाली होती, शेवटची दोन अक्षरं तिच्या मांडीवरच्या साडीवर उमटली होती. बाकी सगळं शुद्ध होतं. मी तिला तसं सांगितलं.